बेलीफचाचा आणि माझी पहिली सही

सुरुवातीलाच माफी मागते. मी आजवर जे काही लिहिलं ते फक्त पेपर तपासणाऱ्यांनी वाचलं आहे, आणि तेही त्यांना वाचावंच लागतं म्हणून. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळं एखाद्या माणसावर लिहायचं तर सुरुवात कुठून करावी, हे विचारायलाही घरात कुणी नाही. बेलीफचाचांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखणारी माणसं बारामतीला आणि इंदापूरला आहेत. खरं तर त्यांनी लिहायला हवं. दुसरी अडचण अशी, की चाचांबद्दल लिहायचं तर माझ्या एका चुकीबद्दलही लिहावं लागेल. ती वगळून लिहिलं तर चाचा हा कागद मला परत करतील, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.

चाचांच्या हातात छापील कागद दिला की ते उभे राहायचे आणि तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचे. मग तो वीजबिलाचा असो, औषधाच्या बाटलीसोबत आलेला असो, नाहीतर लग्नपत्रिका असो. पत्रिका वाटणारे लोक घाईत असतात, त्यांना अजून दहा घरं करायची असतात. पण चाचांच्या ओट्यावर त्यांना थांबावंच लागायचं. वधूवर, त्यांचे आईवडील, निमंत्रक, मामाच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी चिमुकली मंडळी, आणि शेवटी छापखान्याचा पत्तासुद्धा वाचून झाला की चाचा म्हणायचे, "कबूल. येतो." एकदा त्यांनी असंच वाचता वाचता मध्येच थांबून विचारलं, "तारीख गुरुवारची हाय आन वार शुक्रवार छापलाय. निम्मं वऱ्हाड दुसऱ्या दिवशी आलं तर जेवाय काय वाढणार?" मुलीचा बाप तसाच बारामतीला पळाला. अर्ध्या गावात पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

चाचा कोर्टातले निवृत्त बेलीफ. कोर्टाच्या नोटिसा आणि समन्स ज्याच्या त्याच्या दारात नेऊन द्यायची, हे त्यांचं नोकरीभराचं काम. इकडं भिगवणपासून तिकडं लोणी भापकरच्या माळापर्यंत त्यांनी सायकल मारली होती. "हुद्द्यानं मी कोर्टातला सगळ्यात खालचा माणूस," ते सांगायचे, "पन कोर्टाला पाय असतात ते आमचेच. जज्जसाहेब काय कुणाच्या दारात जात न्हाईत." दारात उभं राहून माणसाला बापाच्या नावासकट, आडनावासकट हाक मारायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. आमच्या गल्लीत ते मला "शीतल मारुती खरात, चहा झाला का?" असं विचारायचे आणि आम्ही मुली हसायचो. त्यावर ते म्हणायचे, "हसू नका. नुसत्या शीतल गावात चार हायत. नोटीस भलतीच्या दारात जायला नको."

आता माझ्या चुकीकडं येते. आमच्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण ही रीत काही आमच्या एकट्या गावाची नाही. वर्षातून ठरलेल्या दिवशी ग्रामसभा भरायला हवी. आमच्याकडं त्या दिवशी झेंडावंदन व्हायचं, मुलांना जिलेबी मिळायची, आणि माणसं शेतावर निघून जायची. मग दोन दिवसांनी ग्रामपंचायतीचा शिपाई काखेत रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा. ग्रामसभेला हजर असल्याची सही किंवा अंगठा द्यायचा, तो पाणी पिऊन पुढं जायचा. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. उलट शिपाई दारात आला नाही तर लोक विचारायचे, आमचं घर वगळलं का म्हणून.

मी अठरा वर्षांची झाले, मतदारयादीत नाव आलं, आणि त्याच वर्षी तो आमच्या दारात आला. मी नुकतीच बारामतीच्या कॉलेजात जायला लागले होते. आई म्हणाली, आता तूच कर सही, तुला चांगली येते. मी वहीच्या मागच्या पानांवर कितीतरी दिवस सहीचा सराव केला होता, शेवटी एक लांब रेघ आणि तिच्याखाली दोन ठिपके. ती सही मी पहिल्यांदा खऱ्या कागदावर केली. वरचं अर्धं पान कोरं होतं. ते मी पाहिलं होतं. पण माझं लक्ष रेघ सरळ आली की नाही याच्याकडं होतं.

तीनेक महिन्यांनी दत्तूमामांना पोलीस घेऊन गेले. दत्तूमामा गावाला पाणी सोडणारे कर्मचारी. सकाळी नळाला पाणी आलं की दत्तूमामा उठले असं गाव समजायचं. त्यांच्यावर आरोप असा, की पाणीपुरवठ्याची नवी मोटार त्यांच्या ताब्यात दिली होती आणि ती त्यांनी विकली. मामी आमच्या ओट्यावर बसून एकच सांगत होत्या, की नवी मोटार विहिरीवर कधी आलीच नाही, जुनीच दोनदा दुरुस्त करून बसवली. पण पोलिसांकडं ग्रामसभेचा ठराव होता. नवी मोटार बसवली, गावानं ती चालू असलेली पाहिली आणि दत्तूमामांच्या ताब्यात दिली, असं त्यात सर्वानुमते लिहिलेलं होतं. खाली गावाच्या सह्या होत्या.

त्या सह्यांत माझीही असणार, हे माझ्या लक्षात आलं. आईला सांगितलं नाही, वडिलांना तर नाहीच. वडील उपसरपंचांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते, माळेगावच्या कारखान्याला ऊस न्यायचे. मी चाचांकडं गेले आणि उंबऱ्यातच उभी राहिले. तिथूनच सगळं सांगितलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरचं पान कोरं हुतं, हे तुला नक्की आठवतंय का? का आता भीतीपोटी तसं वाटतंय?" मी म्हणाले, नक्की आठवतंय. "मग बस. आधी कागद मागवू. कागद हातात आल्याबिगर रडायचं न्हाय."

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. चाचांनी तो माझ्याकडूनच लिहून घेतला आणि मलाच मोठ्यानं वाचायला लावला. नक्कल आली, तेव्हा चाचा नेहमीसारखे उठून उभे राहिले आणि वाचायला लागले. ठराव वाचला, सूचक वाचला, अनुमोदक वाचला. मग सह्यांची नावं एकेक करून. मला वाटत होतं, माझं नाव येईल तेव्हा ते थांबतील किंवा माझ्याकडं बघतील. ते थांबले नाहीत. "शीतल मारुती खरात," त्यांनी बाकीच्या नावांसारखंच वाचलं आणि पुढच्या नावावर गेले. तेवढं मला कुणी रागावूनही लागलं नसतं.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बेटा, तू चोरी केली न्हाईस. पन हा कागद तुज्या नावानं बोलतोय. त्याला गप्प तुलाच करावं लागंल. मी न्हाय करू शकत."

त्या दिवशी त्यांनी मला त्यांची एक गोष्ट सांगितली. नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती. उन्हाळ्यात सायकल पंक्चर झाली आणि एका बाईची वस्ती अजून तीन मैल आत होती. चाचा झाडाखाली बसले आणि नोटिशीवर लिहिलं, घरी मिळून आली नाही. बाई घरीच होती. कोर्टात ती आली नाही म्हणून निकाल तिच्या गैरहजेरीत लागला आणि राहतं घर दिराकडं गेलं. चाचांना हे पुढं दुसरीच नोटीस घेऊन त्या वस्तीवर गेल्यावर कळलं. निवृत्त झाल्यावर ते त्या बाईला शोधत गेले आणि खरं ते सांगितलं. "काय म्हणाली?" मी विचारलं. "म्हनाली, आता सांगताय व्हय. आन मग पानी दिलं प्यायला." त्यानंतर त्यांनी ठरवलं, की जिथं कागद खोटं बोलतो तिथं आपण जायचं. मला एवढंच सांगितलं, की तू उशीर करू नको.

चाचांनी फक्त नकलेवर समाधान मानलं नाही. मूळ रजिस्टर पाहायला मिळावं म्हणून दुसरा अर्ज केला. ग्रामसेवक म्हणाले, नक्कल आणि मूळ सारखंच असतं, चाचा. चाचा म्हणाले, असंल, पण मला बघू द्या. आम्ही दोघं ग्रामपंचायतीत गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि पान उजेडाकडं धरून तिरकं करून पाहिलं. मग मला बोलावलं. अंगठ्यांच्या ओळीत एका अंगठ्याच्या रेषांमध्ये पांढुरकं काहीतरी वाळून बसलं होतं. त्यांनी नखही लावलं नाही, नुसतं बोट दाखवलं. तो अंगठा आमच्या गावातल्या यमुनाआजींचा होता आणि ते वाळलेलं पीठ होतं.

"सभंला कोन भाकरीचं पीठ मळत येतं?" चाचा ग्रामसेवकांना अगदी साधेपणानं म्हणाले. चाचांनी तिथंच बसून काय पाहिलं ते लिहून काढलं, दोन प्रती केल्या आणि एकीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय ते कुठल्याच कचेरीतून बाहेर पडत नसत.

नंतरची ग्रामसभा चाचांनी खरीखुरी भरवायला लावली. शंभर जणांना जाऊन सांगितलं, की झेंडा झाल्यावर जिलेबी घ्या, पण घरी जाऊ नका. सभेचा पहिला विषय नेहमी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं हा असतो. ग्रामसेवक सवयीनं म्हणाले, वाचलं असं समजू आणि पुढं जाऊ. चाचा मागं उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. "समजायचं न्हाय, वाचायचं," एवढंच म्हणाले. दोनचार बायका हसल्या आणि त्याही म्हणाल्या, व्हय, वाचा. मग वाचावं लागलं. मोटारीचा ठराव वाचून झाला तेव्हा मी उभी राहिले.

मी काय बोलायचं ते चार दिवस पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी एवढंच म्हणाले, की ही सभा झालीच नव्हती, मी सही आमच्या दारात केली आणि तेव्हा पान कोरं होतं. उपसरपंच हसून म्हणाले, "मारुती, पोरगी कॉलेजात जाऊन हेच शिकली का? सही करायची आन नंतर न्हाय म्हनायचं?" वडील खाली मान घालून बसले होते. तेवढ्यात यमुनाआजी जागेवरूनच बोलल्या. "माज्याबी दारात आल्तं की रजिस्टर. मी भाकऱ्या करत हुते. हात धुते म्हनलं तर शिपाई म्हनला, राहू द्या आजी, उशीर हुतोय." आणि मग एकदम पाच-सहा जण बोलायला लागले. मला आधार वाटला तो त्यांच्या शब्दांपेक्षा त्या गोंधळाचा.

दुसऱ्या दिवशी वडिलांचं ट्रॅक्टरचं काम गेलं. मी घरात तोंड लपवून होते. वडील म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस. पन आदी मला सांगायचं हुतंस. मी चावी आपनहून दिली असती." तो हंगाम त्यांनी दुसऱ्यांच्या उसाला पाणी धरून काढला. याचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही.

इकडं दत्तूमामांना जामीन मिळाला होता आणि तरीही ते तुरुंगात होते. हे मला आधी समजायचंच नाही. चाचांनी समजावलं, की जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो, आणि ज्याच्यावर गावानं चोरीचा शिक्का मारलाय त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोण उभं राहणार. शेवटी चाचांनी कोऱ्हाळ्यातला स्वतःच्या नावचा जमिनीचा तुकडा जामिनाला दिला. दत्तूमामा बाहेर आले ते आधी विहिरीवर गेले, मग घरी.

पण चाचांच्या डोक्यातून ते गेलं नाही. आपल्या दत्तूला कोऱ्हाळ्याचा तुकडा मिळाला, बाकीच्यांचं काय, असं ते विचारायचे. मग ते तारखेच्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले. कुणाला जामीन होऊन सुटका नाही, कुणाला पोलीस बंदोबस्त नाही म्हणून तुरुंगातून आणलंच नाही, हे एका वहीत टिपायचे आणि दर महिन्याला वरच्या कोर्टाकडं अर्ज करायचे. वकील त्यांना चेष्टेनं "चाचा, पुन्हा नोकरीला लागलात का?" म्हणायचे. "तारीख म्हंजी नुसता आकडा न्हाय," ते मला म्हणाले होते. "त्या दिवशी कुनाच्या तरी घरची मानसं डबा घेऊन पायरीवर बसल्याली असत्यात. मानूस आणलाच न्हाय तर तो डबा तसाच परत जातो." पुढं कधीतरी कोर्टाच्या फलकावर जामीन होऊनही न सुटलेल्यांची यादी लागायला लागली आणि मोफत वकील देणाऱ्या समितीची माणसं ती पाहून जायला लागली. हे चाचांच्या अर्जांमुळं झालं की आपोआप, मला सांगता येणार नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्यामुळं म्हनू नको. यादी वाच."

गावात त्यांनी आपल्या दारावर एक कागद चिकटवला होता. त्यावर लिहिलेलं होतं, 'येथे सही मिळणार नाही, सभेत मिळेल.' बायकांच्या बचत गटात जाऊन ते सांगायचे, रजिस्टर दारात आलं तर शिपायाला पाणी द्या, चहा द्या, बसायला सतरंजी द्या, सही तेवढी देऊ नका. शिपायाचाही त्यांच्यावर राग नव्हता. तो म्हणायचा, चाचांमुळं माझी उन्हातली फेरी वाचली.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी पत्रिकेतली बारीक अक्षरं दिसेनात, मग ठळकही. कोऱ्हाळ्याची त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. त्याच दिवशी मला कायद्याच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. मी तो घेऊन एसटी थांब्यावर गेले, त्यांना दाखवायला म्हणून. दिसत नव्हतं, तरी त्यांनी कागद हातात घेऊन चाचपला आणि परत दिला. "वाच," म्हणाले. मी वाचायला लागले. गाडी आली, कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. चाचा पायरीवर एक पाय ठेवून ऐकत होते आणि मुलगी त्यांना आत ओढत होती. दुसऱ्या पानावर असतानाच गाडी हलली. खिडकीतून त्यांचा आवाज आला, "राहिल्यालं वाचून मगच सही कर." मी त्या थांब्यावर उभी राहून चारही पानं वाचली. आजूबाजूचे लोक बघत होते. मग सही केली. ती रेघ आणि ते दोन ठिपके मी तोवर सोडून दिले होते.

खटला रेंगाळला. माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, शिकलेली मुलगी कोऱ्या पानावर सही करते हे पटतं का? मी म्हणाले, नाही पटत, पण मी केली. बचाव पक्षाच्या वकिलांनी चाचांचं टिपण दाखवून मूळ रजिस्टर कोर्टात आणायला लावलं होतं. यमुनाआजींना तो अंगठा दाखवला, तेव्हा त्या न्यायाधीशांना म्हणाल्या, "अंगठा माजा, आन पीठबी माजंच हाय, साहेब." सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी ते पान बराच वेळ उजेडाकडं धरलं, अगदी चाचांनी धरलं होतं तसं.

निकाल लागला तेव्हा मी तिथं नव्हते, परीक्षा होती. दत्तूमामांचा फोन आला. ठराव खोटा ठरला होता. ज्यांनी तो लिहिला त्यांची चौकशी सुरू झाली आहे. तिचं पुढं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. आठवड्यानं निकालाची नक्कल मिळाली आणि ती घेऊन मी कोऱ्हाळ्याला गेले. चाचांना फोनवर सांगता आलं असतं. पण त्यांना ऐकूही कमी यायला लागलं होतं, आणि शिवाय अर्ध्यामुर्ध्या सांगण्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

ते खाटेवर पडून होते. मी कानाशी जाऊन म्हणाले, चाचा, निकालाचा कागद आणलाय. त्यांनी मुलीला हात केला आणि उठून बसले. उभं राहता येत नव्हतं. मग मीच उभी राहिले आणि ओरडून वाचायला लागले, इतक्या मोठ्यानं की शेजारची माणसं दारात जमा झाली. कोर्टाचं नाव, खटल्याचा क्रमांक, साक्षीदारांची नावं, माझं नाव, यमुनाआजींचं नाव, पिठाचा परिच्छेद. "आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येत आहे," इथवर आले तेव्हा चाचांनी हात वर केला.

"थांब. आरोपी म्हंजी कोन? नाव वाच. बापाच्या नावासकट."

"दत्तात्रय बाबू लोंढे," मी वाचलं.

"अजून एकदा."

मी आणखी एकदा वाचलं, आणि मग न सांगता तिसऱ्यांदा. दारात नोटीस घेऊन उभं राहिल्यावर ते मारायचे तशी हाक. त्यांनी मान हलवली आणि पुढं वाचायची खूण केली. मी शेवटपर्यंत वाचलं, तारीख आणि ठिकाणही.

"सही कुनाची?"

"न्यायाधीशांची, चाचा."

त्यांनी कागद मागून घेतला, सहीच्या जागेवरून बोट फिरवलं आणि माझ्या हातात परत दिला.

"वाचून केल्याली दिसतीय," चाचा म्हणाले.